शब्दांतला सल्ला धरावा की आकड्यांतला? चिंचोक्यांवर पोकर खेळणाऱ्यांसाठी

तीन पत्तीवरून टेक्सास होल्डेमकडे (पोकरचा एक प्रकार) वळलेल्या आमच्या वऱ्हाडातल्या पोरांना दोन तऱ्हेचा सल्ला मिळतो. एक शब्दांतला: "टाइट खेळा" (म्हणजे निवडक हातच खेळा), "परवडत असेल तर कॉल करा" (समोरच्यानं लावले तेवढे भरा), "अधूनमधून ब्लफ मारा". दुसरा आकड्यांतला, म्हणजे तक्ते आणि टक्केवारी. माझं मत असं की प्रश्न पत्त्यांचा असेल तिथं आकडे धरावेत, समोरच्या माणसाचा असेल तिथं शब्द. (पैशांचा ऑनलाइन डाव २०२५च्या केंद्रीय कायद्यानं बंद केलाय. इथं हिशोब चिंचोक्यांचा.)

"चांगले पत्ते असतील तरच खेळा" हा सल्ला तीन पत्तीवाल्याला हमखास चकवतो. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीचे पत्ते) कलरला (एकाच रंगाचे पत्ते) मारतो, पोकरमध्ये उलट, फ्लश म्हणजे कलर हा स्ट्रेटला म्हणजे सिक्वेन्सला. जे दुर्मीळ ते वरचढ, एवढंच कारण. तीन पत्त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १०९६ बनतात. पाच पत्त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५१०८. हे ठाऊक नसलेला गडी स्ट्रेट दाखवून "जितलो ना बाप्पा!" म्हणत चिंचोके ओढायला लागतो.

"टाइट"चंही तसंच. नऊ जण बसले असतील तर शंभरातले साधारण १५-२० हात खेळणारा टाइट म्हणवतो. पाचच जण असतील तर २५-३० खेळूनही तो टाइटच. सल्ला देणारा किती जणांत खेळतो ते आधी पाहा.

खरी गंमत "परवडत असेल तर"मध्ये आहे. समजा पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १०० चिंचोके आहेत, चार पत्ते एकाच रंगाचे झालेत, पाचव्याची वाट आहे आणि समोरच्यानं ५० लावले. तुम्ही ५० टाकले की पॉट २०० होणार, म्हणजे चारातून एकदा, २५ टक्के, जिंकायला हवं. फ्लॉपनंतरच्या (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांनंतरच्या) एका पत्त्यावर फ्लश लागण्याची शक्यता जेमतेम १९ टक्के. पॅक करा. पण त्यानं ५० टाकून ऑल-इन केलं, म्हणजे होते तेवढे सगळे लावले असतील, तर आणखी काही न भरता उरलेले दोन्ही पत्ते दिसतात आणि शक्यता ३५ टक्क्यांवर जाते. मग बेधडक कॉल. त्यानं २० च लावले असते तर एका पत्त्यासाठीही परवडलं असतं, कारण तेव्हा १४-१५ टक्केच पुरतात. पत्ते तेच, सल्ला तोच, पण उत्तरं वेगळी. इथं शब्दांच्या भरवशावर राहणाऱ्याचे चिंचोके संपलेच समजा. आणि "मोठी बेट" म्हणजे काय, तेही पॉटकडे बघूनच ठरतं. ५० चिंचोके कधी डोंगर, कधी चिल्लर.

ब्लफच्या बाबतीत मात्र तक्ते आंधळे. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनातून एकदा चालला तरी तोटा नाही, असं गणित सांगतं. पण "पाहू तं दे भाऊ, काय हाय तुयाजवळ" म्हणत शेवटपर्यंत कॉल करणाऱ्यांच्या टोळक्यात तो तीसातून एकदाही चालायचा नाही. तिथं "अधूनमधून"चा अर्थ "कधीच नाही" असा घ्या आणि हाती भारी पत्ते आले की जास्त लावा. कापूस विकल्यावरही चहा उधारीवर पिणारा एखादा चिकट गडी समोर असेल, तर त्याच्यावर मात्र खुशाल मारा.