दसऱ्यानंतरचा महिना: दारावर झेंडू, कापडी तोरण की भाताच्या लोंब्या?

दसऱ्याच्या दिवशी दारावर झेंडू हवा, याबद्दल माझा कोणाशीच वाद नाही. प्रश्न सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी. आश्विन शुद्ध दशमीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत जवळपास महिना जातो. त्यात कोजागरी येते, वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतची दिवाळी येते, कार्तिकी एकादशी येते. परतीचा पाऊस एखादी संध्याकाळ झोडपून जातो, मग ऑक्टोबरचा चटका, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला पहिला गारवा लागतो. ऋतू बदलला हे घरात शिरण्याआधीच कळावं, असं मला या दिवसांत फार वाटतं. त्यासाठी दारावर महिनाभर टिकेल आणि महिनाभर बघावंसं वाटेल असं काहीतरी हवं.

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या दारावर मी तीन प्रकार बांधून पाहिले आहेत: ताज्या झेंडूचं तोरण, कापडी तोरण आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण. प्लास्टिकच्या फुलांना यात जागा दिलेली नाही. पुरंदरपासून जुन्नरपर्यंत शेतं फुलांनी भरलेली असताना दारावर प्लास्टिकचा झेंडू मला पाहवत नाही. पुढे जे लिहितो आहे तो एका घराचा अनुभव आहे. तुमचं दार उन्हात आहे की जिन्याच्या अंधारात, समुद्राजवळ आहे की देशावर, यावर थोडा फरक पडेल.

झेंडूपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची निवड तीच असते आणि ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. तो रंग दुसऱ्या कशालाच येत नाही. हिरव्यागार आंब्याच्या पानांमध्ये केशरी गोंडे, वर ऑक्टोबरचं तिरपं ऊन, एवढ्यावर साधं लॅमिनेटचं दारही उजळून निघतं. हे फूल मूळचं मेक्सिकोचं. तिकडेही ते शरदातच, नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, गेलेल्या माणसांच्या स्मरणासाठी घराघरांत मांडतात. आपल्याकडे पितृपक्ष सरला की लगेच नवरात्र आणि दसरा येतो आणि बाजार झेंडूने भरून जातो. इतक्या दूरच्या दोन ठिकाणी एकाच ऋतूत एकच फूल दारात यावं, याचं मला दरवर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

शिवाय झेंडू मिळवायला काही करावं लागत नाही. गुलटेकडीचा फुलबाजार असो की दादरचा, खंडेनवमीच्या रात्री ढीगच्या ढीग लागलेले असतात. भाव त्या रात्री चढतो आणि दसऱ्याच्या दुपारनंतर कोसळतो, हे दरवर्षीचं. मोठा, गच्च पाकळ्यांचा कलकत्ता झेंडू दिसायला भरदार, पण तोरणासाठी मला मध्यम आकाराची, जरा सुटसुटीत फुलं बरी वाटतात. कारण सांगतो.

झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो, आणि तो तळाच्या हिरव्या वाटीत बसलेला असतो. आपण सुई घालतो ती नेमकी त्या वाटीतून. वाटीला भोक पडतं, आतला ओलावा बाहेर यायला धडपडतो, आणि गच्च ओवलेल्या तोरणात त्याला वाट मिळत नाही. त्यात परतीच्या पावसाची दमट हवा. विक्रेते फुलं ताजी दिसावीत म्हणून पाणी मारतात, ते वेगळंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरून केशरी दिसणारं फूल उलटं करून पाहिलं तर तळाशी काळं पडलेलं असतं. आणखी दोन दिवसांनी पाकळ्या गळू लागतात, पाकळीच्या टोकाला चिकटलेलं काळं बारीक बी उंबऱ्यावर पडतं, चपलांच्या कपाटाखाली जातं, झाडूला पुरून उरतं.

गळणं मी चालवून घेतलं असतं. मला नको झालं ते वेगळंच: झेंडूचं तोरण उतरवायचं कधी, हे ठरत नाही. दसऱ्याचं तोरण, शुभाचं, म्हणून एकादशीला कोणी हात लावत नाही. मग कोजागरीपर्यंत असू दे म्हणतात. कोजागरीला पाहुणे दूध प्यायला येतात तेव्हा दारावर सुकून तपकिरी झालेले गोळे लोंबत असतात. ते धनत्रयोदशीला जातात, नवं येतं, आणि भाऊबिजेनंतर पुन्हा तीच गत. आमच्या इमारतीत आणि आजूबाजूला मी पाहतो, दिवाळीचं तोरण संक्रांतीपर्यंत तसंच असतं. काढून कचऱ्यात टाकायला मन धजत नाही, निर्माल्याला कोण नेणार हे ठरत नाही, आणि रोज येता-जाता घरातल्याच माणसांच्या नजरेला ते शिळेपण सवयीचं होतं. एक दिवस देखणं आणि तीन आठवडे मरगळलेलं दार, असा हिशेब होतो. फुलाचा यात दोष नाही. ते एका दिवसासाठीच आहे, आपण त्याला महिन्याच्या कामाला लावतो.

तरीही झेंडूच बांधायचा असेल तर तो सुतळीवर विरळ बांधा. दोन फुलांमध्ये आंब्याचं पान आणि बोटभर मोकळी जागा ठेवा, म्हणजे वारा खेळतो. पाणी मारलेली फुलं घेऊ नका, घरी आणून मारूही नका. आणि बांधतानाच उतरवायचा दिवस ठरवून ठेवा. एवढं पाळलं तर आठवडा बरा जातो, निदान आमच्याकडे तरी.

कापडी तोरणाबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही. पैठणीच्या किंवा खणाच्या काठांचं, मण्यांचं, लोकरीचं, कच्छी आरशांचं, हवं तसं मिळतं. बचत गटांच्या दिवाळी प्रदर्शनात खरोखर सुंदर काम पाहायला मिळतं आणि ते विकत घेण्यात समाधान आहे. घरात कोणाला फुलांच्या वासाचा त्रास असेल, किंवा वयस्कर मंडळी एकटी राहत असतील आणि स्टुलावर चढून सारखं काढणं-घालणं नको असेल, तर हेच घ्या. परदेशात राहणाऱ्यांनाही सोयीचं तेच. ऑस्ट्रेलियात तर बी-बियाणं, काड्या, पानं विमानतळावरच अडवतात, आणि तिथे दसरा वसंतात येतो, त्यामुळे आपल्या शरदाची आठवण कापडावरच काढावी लागते. माझी अडचण एवढीच की कापडी तोरण चैत्रात जसं दिसतं तसंच आश्विनात दिसतं. चार-सहा दिवसांत डोळा त्याला सरावतो आणि मग ते दिसेनासंच होतं. आमचं होतं ते आता देवघराच्या कमानीवर आहे, आणि तिथे ते फार शोभतं.

आता लोंब्या. कोकणात आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला, नवान्न पौर्णिमा म्हणतात. काही गावांत दसऱ्यालाच, तर काही ठिकाणी त्या पौर्णिमेला ‘नवं’ बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, नाचणी-वरीची कणसं, आंब्याचं पान, कुर्डू किंवा झेंडूचं फूल, असं एकत्र करून त्याची जुडी दाराला बांधायची. ती पुढच्या वर्षीचं नवं येईपर्यंत तिथेच राहते. गोव्यात नव्या कणसांचा मान चतुर्थीच्या आसपासच होतो. छत्तीसगडमध्ये दिवाळीच्या सुमारास धानाच्या लोंब्या विणून झालरी करतात, दारात आणि अंगणात टांगतात, आणि त्यावरचे दाणे चिमण्यांनी खावेत अशीच अपेक्षा असते. म्हणजे मी सुचवतो आहे ते नवीन काहीच नाही. भात पिकवणाऱ्या मुलखात ही शरदातली सगळ्यात स्वाभाविक सजावट आहे.

दाराच्या दृष्टीने लोंबीची खुबी अशी की ती वाळतानाच सुंदर होत जाते. दसऱ्याला बांधाल तेव्हा ती हिरवट पिवळी असते, जरा ताठ. कोजागरीपर्यंत वाकते. दिवाळीपर्यंत काडी आणि दाणा दोन्ही सोनेरी होतात, आणि पणतीच्या उजेडात त्या कुसळांच्या सावल्या भिंतीवर पडतात ते मला कुठल्याही माळेपेक्षा आवडतं. तुळशीच्या लग्नाला रंग आणखी उतरून पेंढ्यासारखा फिका होतो आणि तोही थंडीच्या सुरुवातीला शोभून दिसतो. दारावर एकदा बांधलं की ऋतू पुढे सरकतो तसं तोरण आपोआप बदलत जातं. उतरवण्याची घाई कधी वाटतच नाही. झेंडूच्या बाबतीत जे मला डाचत होतं ते इथे मुळातच नाही, आणि माझा कौल तिथेच ठरला.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. दाणे झडतात. पण हे बरंचसं लोंबी कधी कापली यावर आहे. शेतकरी साधारण ऐंशी टक्के दाणे पिवळे झाले की कापणी धरतात. तोरणासाठी त्याच्या थोडं आधीची, दाणा भरलेली पण हिरवट झाक असलेली लोंबी मागून घ्यायची. पूर्ण पिकलेली असेल तर दार आपटलं की दाणे खाली. दुसरी गोष्ट, आणल्याबरोबर काड्यांच्या छोट्या जुड्या करून सावलीत, हवेशीर जागी उलट्या टांगायच्या. दोन-तीन दिवसांत काडी सरळ वाळते आणि मग पाहिजे तशी बांधता येते. ओल्याच बांधून गठ्ठा करून ठेवल्या तर बुरशी धरते.

उंच माणसाच्या केसात कुसळं अडकतात. आमच्याकडे येणाऱ्या एक-दोन मंडळींची ही तक्रार आहे आणि ती रास्त आहे. त्यांच्यासाठी बिनकुसळाच्या वाणाच्या लोंब्या घ्याव्यात, आणि मधल्या जुड्या आखूड, कडेच्या लांब ठेवाव्यात, म्हणजे कमानीसारखा आकारही येतो. तळमजल्यावर राहत असाल तर उंदराचा विचार करा. बाल्कनीच्या दाराला बांधलंत तर चिमण्या आणि मुनिया येणारच. माझ्या मते ती भेटच आहे, पण फरशी रोज झाडावी लागेल. आणि थंडी संपेपर्यंत ठेवलंत तर एखादी बारीक पाकोळी दाण्यातून बाहेर पडू शकते, म्हणून मी पौषात उतरवतो. कोकणातल्या घरांत वर्षभर ठेवतात, पण बंद फ्लॅटमध्ये तेवढा धीर मला होत नाही.

रंगाचंही सांगतो. फिकट तपकिरी दारावर लोंब्या हरवतात. गडद सागवानी, हिरव्या किंवा पांढऱ्या दारावर त्या उठून दिसतात. आमचं दार नेमकं फिकट आहे, म्हणून मी जुड्यांच्या मध्ये कुर्डूची फुलं घालतो. याच दिवसांत शेताच्या बांधावर, पडीक रानात कुर्डू गुलाबी-पांढरा फुललेला असतो. त्याला कोणी लावत नाही. तोही वाळला तरी रंग धरून राहतो, त्यामुळे लोंबीशी त्याची जोडी छान जमते. आंब्याची पानं मात्र आठवड्याने वळायला लागतात, ती तेवढी काढून घ्यायची.

तीन फुटी दाराला मला शंभरेक लोंब्या लागतात. पाच-पाच, सात-सातच्या जुड्या करून सुतळीला बांधतो, गाठ काडीच्या पेराखाली घेतो म्हणजे सरकत नाही. संध्याकाळचं निवांत काम आहे, मुलं सोबत बसली तर अधिकच छान. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर तोरण आतल्या लाकडी चौकटीला न बांधता गणेशपट्टीच्या वर, भिंतीला दोन हुक लावून बांधा. नाहीतर दोन दारांच्या मध्ये ते चुरगळतं.

मग झेंडू सोडून द्यायचा का? मी सोडलेला नाही. दसऱ्याला, लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला लोंब्यांच्या पुढे झेंडूची एक पातळ, मोकळी माळ घालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवून कुंड्यांमध्ये टाकतो. मागे लोंब्या असल्यामुळे झेंडू काढला तरी दार ओकंबोकं दिसत नाही, म्हणून तो काढायला हात कचरत नाही. फुलंही तेव्हा पावशेर पुरतात. एकच काहीतरी निवडायचं असेल आणि सण महत्त्वाचा वाटत असेल तर झेंडू घ्या. महिना महत्त्वाचा वाटत असेल तर मी लोंब्यांच्या बाजूने बोलेन.

त्या मिळवायला मात्र थोडं आधी हलावं लागतं. मुंबईत दसऱ्याला स्टेशनबाहेर आपट्याची पानं विकणाऱ्या आदिवासी बायकांकडे लोंब्यांच्या जुड्या असतात, पण त्या बहुधा लहान आणि मोजक्या. पुण्याच्या बाजूला मुळशी, मावळ, भोरकडे ओळखीचा शेतकरी गाठणं उत्तम. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात दसऱ्याच्या मागेपुढे तयार होतं, तेच मागा. इंद्रायणीसारख्या उशिराच्या भाताला दिवाळी उजाडते. आणि कापणी यंत्राने होणार असेल तर लांब काडीची लोंबी हाती लागत नाही, म्हणून घटस्थापनेच्या आठवड्यातच सांगून ठेवा: चार पेंड्या विळ्याने, काडी हातभर ठेवून, थोड्या आधी कापून बाजूला काढा. पेंडीला बाजारात दाण्याचे जेवढे मिळतील त्याहून थोडे जास्त द्या. त्यांचं कापणीच्या घाईतलं काम थांबवून ते आपल्यासाठी हे करतात.