एकसुरी आवाजावर ‘प्रात’: फुकट, रुक्ष, पण खरं बोलणारं

‘आवाजात चढउतार आणा’ हा सल्ला सगळे देतात. पण आपला आवाज सपाट जातोय हे बोलणाऱ्याच्या कानाला कळतच नाही. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं ‘प्रात’ हे सॉफ्टवेअर तो सपाटपणा डोळ्यांना दाखवतं. डच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘बोल’. बनवलंय ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांसाठी. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, मोबाइलवर नाही. शोधताना इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘ए’ टाका.

उघडल्यावर दोन खिडक्या येतात आणि पहिल्यांदा वापरणारा गोंधळतोच. चित्रांची खिडकी सरळ बंद करा. दुसरीत ‘न्यू’ मेनूमधून मोनो रेकॉर्डिंग करा, यादीत टाका आणि ‘व्ह्यू अँड एडिट’ दाबा. निळी रेघ म्हणजे स्वराची उंची. रेघ दिसत नसेल तर बहुधा खिडकीत दहा सेकंदांपेक्षा जास्त आवाज आहे, झूम करा. पंखा बंद ठेवा, नाहीतर रेघेत भलतेच ठिपके येतात.

वाक्य निवडण्यातच निम्मं काम आहे. क, ट, स, प अशा अघोष व्यंजनांवर, म्हणजे जी उच्चारताना गळ्यात कंप होत नाही त्यांच्यावर, रेघ तुटते. म्हणून ‘माधुरी रविवारी मुंबईला गेली’ असं सगळे घोष वर्ण असलेलं वाक्य घ्या. कोण गेली, कधी गेली, कुठे गेली, या तीन प्रश्नांची उत्तरं म्हणून ते तीनदा बोला. शब्दांचा क्रम हलवायचा नाही आणि ‘च’ लावायचा नाही. मराठीत ‘रविवारीच’ म्हटलं की जोर आपोआप कळतो, त्यामुळे गळा आळशी होतो. तिन्ही रेघा सारख्याच दिसल्या, तर दुखणं सापडलं.

आकडे हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती कंपनं) न बघता सेमिटोनमध्ये (पेटीवरच्या दोन शेजारच्या सुरांमधलं अंतर) बघा, म्हणजे बाईचा आणि पुरुषाचा आवाज एकाच मापाने मोजता येतो. १२० ते १३५ हर्ट्झमध्ये फिरणारा आवाज जेमतेम दोन सेमिटोन हलतो. १०० ते १६० म्हणजे आठ. मात्र किमान-कमाल आकड्यांवर विसंबू नका. वाक्याच्या शेवटी आवाज घरघरला की प्रात कधी कधी निम्मी किंवा दुप्पट उंची पकडतं आणि सपाट बोलणाराही कागदावर रंगतदार ठरतो. पिचच्या, म्हणजे उंचीच्या, सेटिंगमध्ये पुरुषांसाठी साधारण ७५ ते ३००, बायकांसाठी १०० ते ५०० अशी मर्यादा घातली की हे बरंच कमी होतं. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरी उंचीपासून आवाज साधारण किती हलतो तो आकडा, किमान-कमालपेक्षा भरवशाचं.

खरी कमाई ‘मॅनिप्युलेशन’मध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाची उंची बदलून ऐकायच्या सोयीत आहे. तिथे स्वराचे बिंदू माउसने ओढता येतात. आधी ‘स्टायलाइज’ करून बिंदू कमी करा, मग ‘रविवारी’वरचा १२० चा बिंदू १५० च्या आसपास न्या आणि ऐका. तुमचाच आवाज, फक्त चार सेमिटोन चढलेला. बोलताना जो चढ नाटकी वाटतो, तो ऐकताना साधाच असतो, हे तिथे पटतं. मग तेच वाक्य तसं बोलून रेघ जुळवायची. फार ओढलं तर आवाज यंत्रासारखा होतो, म्हणून बेताने.

उणिवा आहेतच. गुण देणारं, ‘आता हे करा’ सांगणारं यात काही नाही. रेकॉर्डिंग आपोआप जपलं जात नाही. वेव्ह फाइल स्वतः सेव्ह करावी लागते. रेघ नाचवायच्या नादात प्रत्येक वाक्याचा शेवट वर नेणारे, किंवा उंचीऐवजी नुसता आवाज मोठा करणारे होतात. दुसरी चूक पकडायला तीव्रतेची, म्हणजे आवाज किती मोठा आहे ते दाखवणारी, रेघही चालू ठेवा. रोज दहा मिनिटं, पाच वाक्यं पुरेत. आवाज अलीकडेच सपाट किंवा घोगरा झाला असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग सॉफ्टवेअर.

बसून शिकायची तयारी असेल तर घ्या. तासाभरात जादू हवी असेल त्यांनी या वाटेला जाऊ नये.