'नियर' की 'क्लोज'?

दोन्हींचा अर्थ 'जवळ', म्हणून आपण हाताला येईल तो शब्द लावून मोकळे होतो. पत्ता सांगताना ते खपतंही. तिथे फरक 'टू'चा: 'नियर द स्टेशन', पण 'क्लोज टू द स्टेशन'. आपल्या डोक्यात 'स्टेशनच्या जवळ'मधला 'च्या' असतो, त्यामुळे 'नियर टू द स्टेशन' सर्रास ऐकू येतं. रोजच्या बोलण्यात तो 'टू' गाळलेलाच बरा.

खरा फरक कळतो तो माणसांच्या बाबतीत. जिवलग मैत्रीण 'क्लोज फ्रेंड' असते, 'नियर फ्रेंड' कधीच नाही. भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी 'नियर' राहतो. पण येणं-जाणं नसेल तर तो 'क्लोज' नाही. एवढी बारीक छटा दोन छोट्या शब्दांत मावते, हे मला फार आवडतं. नातेवाइकांना मात्र दोन्ही शब्द चालतात. भविष्यकाळ म्हटला की 'नियर फ्युचर'च, आणि अटीतटीचा सामना 'क्लोज मॅच'.

उच्चाराकडेही लक्ष द्या. 'जवळ' या अर्थी 'क्लोज'च्या शेवटी 'स' येतो, 'बंद करणे' या अर्थी 'झ'. मूळ एकच, बंद या अर्थाचा लॅटिन शब्द.

'ली' जोडल्यावर तर वाटाच वेगळ्या होतात. 'आय नियरली फेल' म्हणजे पडता पडता वाचलो. 'क्लोजली' पाहणं म्हणजे बारकाईने पाहणं.