कडप्प्यावर इपॉक्सी ओतून दहा महिने झाले

गेल्या फेब्रुवारीत आमच्या स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर मी स्वतः इपॉक्सीचा, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होऊन कडक होणाऱ्या रेझिनचा, थर दिला. त्यानंतर एक उन्हाळा, बेळगावचा पुरा पावसाळा, दिवाळीचा फराळ आणि आता ही थंडी, एवढं सगळं त्या कट्ट्यावरून गेलंय. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, कारण तेव्हा तो आरशासारखा चमकत होता. आता काय टिकलं आणि काय नाही ते नीट सांगता येतं.

मी बेळगावातल्या उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये काम करतो. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामात, साचा ज्यावरून घेतात ते लाकडाचे नमुने म्हणजे पॅटर्न बनवणं, कोपरे भरणं, झिजलेला भाग पुन्हा उभा करणं हे रोजचं काम, आणि त्यात इपॉक्सी रोज हाताखाली असते. रेझिन आणि त्याला कडक करणारं हार्डनर, हे तिचे दोन भाग मोजायची, मिसळायची सवय असल्यामुळे घरचा कट्टा करायची हिंमत झाली. पण पॅटर्नवर कुणी तापलेला कुकर ठेवत नाही आणि पॅटर्नवर सांडलेलं कुणी उचलून खात नाही. हा फरक मला कट्टा झाल्यावर कळत गेला.

आमचं घर शहापुरात, जुनं. कट्टा वडिलांनी बसवलेला, काळ्या कडप्प्याचा. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. लिंबू, चिंच, आमसूल जिथं सांडेल तिथं आंबटपणा त्याला खातो आणि पांढुरके डाग पडतात. वर्षानुवर्षांच्या डागांनी आमचा कट्टा कोड फुटल्यासारखा दिसत होता. दोन फरश्यांच्या सांध्यातलं सिमेंट गेलेलं, तिथून मुंग्या यायच्या. सगळ्यांनी ग्रॅनाइट टाका म्हणून सांगितलं. आपल्याकडे ग्रॅनाइट काही लांबून आणायला लागत नाही, बागलकोट जिल्ह्यातलं इलकल त्यासाठीही प्रसिद्ध आहे. पण ग्रॅनाइट टाकायचं म्हणजे जुना कट्टा फोडायचा, सिंक काढायचं, भिंतीची टाइल हलणार, पंधरा दिवस गवंडी घरात. आणि आईनं एकच सांगितलं, ‘तुझ्या बाबांनी बसवलेला दगड आहे, तो फोडू नको.’ मग दगड तसाच ठेवून त्याच्या अंगावर थर द्यायचं ठरवलं.

खर्चाचं आधीच सांगतो, कारण इंटरनेटवर बाहेरच्या देशांतले लोक हे काम दगडापेक्षा स्वस्त म्हणून करताना दिसतात. आपल्याकडे तसं नाही. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद, म्हणजे 16 चौरस फुटांच्या कट्ट्याला रेझिन, रंग, पॉलिश पेपर, हातमोजे, टेप सगळं धरून माझे सात हजारांच्या वर गेले. साधं ग्रॅनाइट त्याच पैशात बसलं असतं. पैसे वाचवायला म्हणून कुणी ह्यात पडू नये. जुना दगड मोडायचा नाही, धूळ नको, हवा तो रंग पाहिजे, एवढ्यासाठीच हे काम परवडतं.

मालाचा हिशोब असा. एका चौरस फुटावर 3 मिलिमीटरचा थर द्यायला सुमारे 280 मिलिलिटर लागतं. सोळा फुटांना साडेचार लिटर झाले. त्यात पहिला पातळ थर आणि कडेनं ओघळून जाणारं धरून मी साडेसहा लिटर आणलं आणि ते जवळजवळ सगळं लागलं. प्रमाण डब्यावर दिलेलंच घ्यायचं, आणि ते मापानं दिलंय की वजनानं ते बघायचं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, म्हणून मापानं दोनास एक म्हणजे वजनानं दोनास एक होत नाही. लवकर सुकावं म्हणून हार्डनर थोडं जास्त घालणारे मी शॉपमध्येही बघितलेत. त्यानं काही लवकर होत नाही, उलट थर कायमचा मऊ राहतो.

ओतायचं काम अर्ध्या तासाचं. तयारीला मला चौदा दिवस लागले, आणि आज जे काही चांगलं टिकलंय ते त्या चौदा दिवसांमुळे. आधी कट्टा धुण्याच्या सोड्यानं तीनदा धुतला, कारण फोडणीचं तेल दगडात मुरलेलं असतं आणि तेलकट जागेवर इपॉक्सी धरत नाही. मग 80 नंबरच्या पेपरनं सगळा घासून खरखरीत केला. पुन्हा धुतला आणि आठ दिवस पाण्याचा थेंब लागू दिला नाही. स्वयंपाक तेवढे दिवस मागच्या पडवीत चालला. सांधे आणि चिरा, रेझिनमध्ये टाल्क पावडर कालवून केलेल्या पुट्टीनं भरल्या.

तेव्हा पाणसळ ठेवून बघितली आणि एक गोष्ट लक्षात आली. कट्ट्याला सिंककडे ढाळ होता. आपले गवंडी तो मुद्दाम देतात, पाणी आपसूक सिंकमध्ये जावं म्हणून. आठ फुटांत पाच मिलिमीटरचा उतार. इपॉक्सी स्वतःहून समतल होते, म्हणजे सगळा माल सिंककडे जाऊन साचणार आणि वरच्या टोकाला दगड उघडा पडणार. मी सिंककडचा भाग पुट्टीनं उचलून सगळा कट्टा सपाट केला. काम सुंदर झालं, पण ढाळ गेला. आज भांडी विसळली की पाणी जागच्या जागी उभं राहतं आणि आई दिवसातून दहा वेळा फडकं फिरवते. पुन्हा करायचं झालं तर मी ढाळ तसाच ठेवीन आणि ओतण्याऐवजी रोलरनं तीन-चार पातळ थर देईन. चमक थोडी कमी आली तरी चालेल.

पहिला पातळ थर ब्रशनं दिला, दगडाची भोकं बुजायला. मुख्य थर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओतला. संध्याकाळच का, तर दिवस तापत जाताना दगडातली हवा फुगून वर येते आणि बुडबुडे सुटतात, संध्याकाळी दगड निवत जातो. रेझिन आणि हार्डनर एका बादलीत चार मिनिटं सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडत, मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळायचं. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेला माल चिकटलेला राहतो आणि तो कट्ट्यावर पडला की तेवढी जागा कधीच सुकत नाही. आणि मिसळलेला माल बादलीत ठेवून रेंगाळायचं नाही. मिसळल्यावर ती स्वतःच तापते, बादलीत साठून राहिली तर फार वेगानं तापते. शॉपमध्ये धूर निघालेली बादली मी डोळ्यांनी बघितलीय. कट्ट्यावर पसरली की उष्णता निघून जाते.

रंग गडद निळसर राखाडी घेतला आणि त्यात पांढऱ्याच्या दोन-तीन शिरा काडीनं ओढल्या. हीट गन वरून फिरवली तसे बुडबुडे टिचकन फुटत गेले आणि खाली तो रंग हळूहळू पसरत स्थिर झाला. आई उंबऱ्यात येऊन म्हणाली, ‘काय करालास रे, पाणी ओतल्यासारखं दिसालंय की.’ त्या रात्री मी दोनदा उठून बघून आलो.

ह्याला वास फारसा नसतो म्हणून लोक बिनधास्त उघड्या हातानं काम करतात, ते मला बघवत नाही. हार्डनरची अॅलर्जी हळूहळू बसते आणि एकदा बसली की सहसा जात नाही. शॉपमधल्या एका जुन्या कारागिराचे हात आता डबा नुसता उघडला तरी लाल होतात. नायट्रिलचे हातमोजे घाला, अंगावर लागलं तर थिनरनं पुसू नका, साबणानं धुवा. घासताना मास्क पाहिजेच. आम्ही पोरांना दोन रात्री काकांकडे पाठवलं होतं, आणि सात दिवस पुरे होईपर्यंत कट्ट्यावर काही ठेवलं नाही.

आता वापराचं. डागांच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे. लिंबू, चिंच, ताक, कशाचाही मागमूस राहत नाही. एप्रिलमध्ये घरी मसाला केला, ब्याडगी मिरची आणि तेल दोन दिवस ह्याच कट्ट्यावर होतं, ओल्या फडक्यानं सगळं निघालं. हळदीचा एक डाग पडला तो खिडकीच्या उन्हात चार-पाच दिवसांत आपोआप उडाला. सांधा कुठं उरलाच नाही, त्यामुळे मुंग्या बंद झाल्या. आईला सगळ्यात जास्त हेच आवडलंय.

उष्णता हा मोठा दोष. साधी इपॉक्सी 50-60 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते, आणि शिट्टी होणाऱ्या कुकरच्या आत 120 अंशांच्या आसपास तापमान असतं. म्हणून गॅसकडचा कट्टा मी मुळात केलाच नाही, तिथं दगड तसाच आहे. तरी मार्चअखेर खानापूरहून मावशी आल्या होत्या, त्यांनी सवयीनं कुकर उतरवून समोरच्या ह्या कट्ट्यावर ठेवला. उचलताना तो किंचित चिकटला आणि खाली पांढुरकं वर्तुळ उमटलं, बोट फिरवलं की खळगा लागायचा. मावशींना फार वाईट वाटलं. त्यांची काही चूक नव्हती, स्वयंपाकघरात तापलेलं भांडं खाली ठेवायला जागा लागतेच आणि ती मीच ठरवून ठेवायला पाहिजे होती. दुकानदारानं तर ‘गरम भांडं चालतं’ असं सांगितलं होतं. मी 220 च्या पेपरनं ती जागा घासून थोडा माल ओतला, मग 400 पासून 2000 पर्यंत पाण्याचा पेपर मारून गाडीचं पॉलिश लावलं. दिवसा दिसत नाही. रात्री ट्यूबलाइटखाली तिरपं बघितलं की वर्तुळ कळतं. तेव्हापासून गॅसच्या उजव्या बाजूला एक जाड लाकडी पाट कायमचा ठेवलाय.

पावसाळ्याचा धडा वेगळा. जुलैत रविवारी सुट्टी होती म्हणून खिडकीखालच्या फळीवरही थर द्यायला घेतला. बाहेर चार दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळी बघतो तर वर मेण फासल्यासारखा चिकट, दुधी थर. हार्डनरमधल्या अमाइन नावाच्या रसायनाची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडली की असं होतं. ते लगेच पेपरनं घासलं तर आणखी पसरतं. आधी कोमट पाणी आणि घासणीनं धुऊन काढायचं, सुकू द्यायचं, मग घासून दुसरा थर. तो दुसरा थर मी ऑक्टोबरअखेर दिला, हवा कोरडी झाल्यावर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम हातात घेऊ नये, दुकानात कुणी काहीही सांगितलं तरी.

बारीक ओरखडे पडतात. विळी कट्ट्यावर ठेवत नाही, चिरायला वेगळा पाट आहे, भाकरी परातीतच थापली जाते. तरी डबे सरकवून सरकवून केसासारख्या रेघा आल्यात. खलबत्ता एकदा कडेवर आपटला आणि ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला. आता खलबत्त्याखाली जुनं टॉवेल असतं.

आणि पिवळेपणा. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन कट्ट्याच्या एका फुटावर येतं. मिठाची बरणी तिथं कायम असायची. दिवाळीच्या साफसफाईत ती उचलली तर खाली मूळचा निळसर गोल जसाच्या तसा, आणि भोवतीचा भाग किंचित हिरवट-पिवळा. बाकी कट्ट्याला तसं काही झालेलं नाही. ऊन येणाऱ्या जागी पांढरा किंवा फिका रंग घेऊच नका. माझ्या गडद रंगावर हे एवढं कळतंय, पांढऱ्यावर उठून दिसलं असतं.

शेजारच्या वहिनींनी मागच्या आठवड्यात विचारलं, आमच्याकडे करून द्याल का. त्यांचा कट्टा बघितला, गॅस मधोमध आहे, दोन्ही बाजूंना भांडी उतरतात. मी त्यांना ग्रॅनाइटच टाकायला सांगितलं. हॉलमधल्या जेवायच्या टेबलाला मात्र करून देणार आहे, तिथं ते छान टिकेल.

खिडकीकडची ती पिवळी पट्टी फेब्रुवारीत घासून तिच्यावर पुन्हा रंगाचा पातळ थर देईन. त्यासाठी दोन लिटरचा डबा आणून ठेवलाय. परवा थंडीत उघडून बघितला तर तळाशी साखरेसारखे पांढरे खडे धरले होते. माल खराब झालेला नाही, थंडीनं रेझिन गोठतं. डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवला, तासाभरानं हलवून बघितला, आणखी थोडं गरम पाणी घातलं. रात्री जेवणं होईपर्यंत ते पुन्हा काचेसारखं स्वच्छ झालं होतं.