७८ वर्षांच्या आईसाठी घेतलेला टॅब, सहा महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, कारण मला त्यांच्या कस्टमर केअरशी परत बोलायचं नाही आणि तसंही या किमतीतले टॅब थोड्याफार फरकाने सारखेच असतात. दहा इंची, सिम घालायची सोय असलेला, साडेसतरा हजारांना पडला, गणपतीच्या पंधरा दिवस आधी घेतला. वापरणारी माझी आई, वय ७८, गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मी डोंबिवलीला, दादा-वहिनी न्यू जर्सीत एडिसनला, धाकटी दुबईला. टॅब फक्त व्हिडिओ कॉलसाठी घेतलाय त्यामुळे गेम कसे चालतात, कॅमेरा किती मेगापिक्सेल वगैरे मला विचारू नका.

याच्या आधी तिच्याकडे स्मार्टफोन होता. व्हिडिओ कॉल आला की ती तो कानाला लावायची. फोन म्हटल्यावर तो कानालाच लावायचा असतो ना, साठ वर्षांची सवय. चार वर्षं दादाने आईचा कान बघितला आणि कान नसेल तेव्हा छताचा पंखा, आणि मधेच गाल लागून लाल बटण दाबलं जायचं, कॉल कट, मग दादाला वाटायचं आई चिडली, आईला वाटायचं त्यानेच ठेवला, आणि दोघंही स्वतंत्रपणे मला फोन करून विचारायचे की झालं काय. त्यात तिचं कानाचं मशीन, फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं.

तर माझ्या मते अख्ख्या खरेदीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू टॅब नाहीच, ४५० रुपयांचा स्टँड आहे. लॅमिंग्टन रोडला घेतला, जाड पत्र्याचा, खाली रबर, वजनदार. ऑनलाइन मिळतात ते प्लास्टिकचे घडीचे घेऊ नका, म्हातारं माणूस स्क्रीनवर बोट ठेवत नाही, दाबतं, डोअरबेल दाबल्यासारखं, आणि तो स्टँड मागे कलंडतो. आमच्याकडे शिलाई मशीन आहे जुनं पायाचं, वापरात नाही, त्याच्या झाकणावर स्टँड, स्टँडवर टॅब, चार्जर कायम लावलेला. तिथून तो हलवायचा नाही हा नियम. आईची खुर्ची समोर, हातभर लांब, त्यामुळे चेहरा पूर्ण दिसतो आणि कानाच्या मशीनची शिट्टीही बंद झाली. आधी खुर्चीची पाठ गॅलरीकडे होती तेव्हा मागून उजेड यायचा आणि दादाला नुसती काळी सावली दिसायची, मग शिलाई मशीन ओढून समोरच्या भिंतीला लावलं, आता उजेड तोंडावर. या एका सरकवासरकवीने जे झालं ते पन्नास हजारांच्या टॅबनेही झालं नसतं.

कायम चार्जिंगला ठेवायचा तर बॅटरी फुगण्याची भीती असते म्हणून घेताना एक बघून घ्या, सेटिंगमध्ये बॅटरी ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का. यात आहे. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला ताई तसं काही नसतं, मी तिथेच काउंटरवर उघडून दाखवलं.

आता बोटांबद्दल. या वयात बोटांची टोकं कोरडी पडतात, स्क्रीनला ते बोट कळतच नाही, मग आई आणखी जोरात दाबते, आणि जोरात म्हणजे जास्त वेळ, की टॅबला वाटतं लाँग प्रेस केलंय, आयकॉन थरथरायला लागतात आणि एखादा गायब. पहिल्या महिन्यात व्हॉट्सॲपचा आयकॉन तीनदा हरवला आणि तीनदा मी डोंबिवलीहून दादर, दादरहून स्लो पकडून चर्नी रोड अशी आले, एकदा तर फक्त एअरप्लेन मोड लागला होता. शेवटी ॲक्सेसिबिलिटीत टच अँड होल्ड डिले म्हणून असतं ते लाँग वर केलं आणि आईने स्वतःचा उपाय काढला, शेजारी वाटीत ओला रुमाल ठेवते, नोटा मोजताना बोट ओलं करतात तसं बोट टेकवायचं आणि मग कॉल घ्यायचा. शंभर रुपयांचा रबरी टोकाचा पेन पण आणला होता, तो आता देव्हाऱ्यातली काडेपेटी पुढे ओढायला वापरतात.

स्क्रीन लॉक पूर्ण काढून टाकलंय. लोक म्हणतील सेफ्टी, पण त्या टॅबवर ना बँक ना यूपीआय. लॉक असताना कॉल आला की बोट वर सरकवायचं आणि स्क्रीन चालू असेल तर वरच्या पट्टीतलं बटण दाबायचं, असे दोन वेगवेगळे प्रकार आईच्या डोक्यात बसत नव्हते, आणि का बसावेत. भाषा मी उत्साहाने मराठी करून दिली होती, दोन दिवसांत फोन आला की "ते इंग्रजी परत लाव, हे मराठी मला कळत नाही". मी वाचलं तर मलाही सगळं कळलं नाही.

सिमवाला टॅब का घेतला ते सांगते. बिनसिमच्या टॅबवर व्हॉट्सॲप फोनला जोडून चालवता येतं, पण तो मूळ फोन चौदा दिवस वापरला नाही तर जोडलेली बाकीची डिव्हाइस आपोआप लॉगआउट होतात. हे मला माहीत होतं कारण माझ्या सासूबाईंच्या टॅबला आम्ही हाच घोळ घातला होता, टॅब आला म्हणून फोन कपाटात ठेवून दिला आणि पंधरा दिवसांनी सगळं बंद. त्यामुळे आईच्या टॅबला स्वतःचं सिम, स्वतःचा नंबर. रोजचा दोन जीबीचा पॅक आहे, तास-दीड तास बोलूनही संपत नाही. जुना साधा बटणांचा फोन तिच्याकडे आहेच, तो कानाला लावायला.

तक्रार आता. बॉक्स उघडल्यापासून या टॅबवर कंपनीने स्वतःची डझनभर ॲप्स भरून दिलीत आणि लॉक स्क्रीनवर जाहिराती येतात. तुम्हाला मला त्या जाहिराती दिसतात, आईला त्या सूचना वाटतात. "अगं, तुमच्या टॅबमध्ये ३ व्हायरस आहेत असं लिहून आलंय, मी हात लावला नाही" असा रात्री दहाला फोन. कस्टमर केअरने मला चाळीस मिनिटं होल्डवर ठेवून फॅक्टरी रिसेट करा सांगितलं, केलं, तर ती ॲप्स परत आली, ती जातच नाहीत, फक्त डिसेबल होतात. मी ती एकेक करून डिसेबल करत बसले, त्यात अर्धा रविवार गेला. यासाठी एक स्टार पूर्ण कापला आहे.

आणि हे जरूर करा. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसी, मग कॉल्स, तिथे सायलेन्स अननोन कॉलर्स चालू करून टाका. सेव्ह नसलेल्या नंबरचा कॉल वाजतच नाही, फक्त यादीत दिसतो. आईच्या भिशीतल्या एका काकूंना पोलिसांच्या वेषातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला होता, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. नशीब, त्यांची सून तेवढ्यात ऑफिसातून आली. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, असं कायद्यात काही नसतंच, हे मी आईला सांगितलंय आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी स्केच पेनने लिहिलाय. या सायलेन्सचा तोटा एवढाच की वहिनीने नंबर बदलला आणि कळवायला विसरली, आठवडाभर तिचे कॉल वाजले नाहीत आणि त्यावरून जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुबईवाल्यांसाठी वेगळी गोष्ट, यूएईत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात पण कॉल चालत नाहीत, तिकडे परवानगी असलेली ॲप्स वेगळी, बोटिम, झूम वगैरे. त्यामुळे धाकटीसाठी झूम टाकलं आणि होम स्क्रीनवर दोनच आयकॉन ठेवले, हिरवा म्हणजे दादा आणि निळा म्हणजे धाकटी. आई ॲपची नावं घेतच नाही, "निळ्यावर ये" म्हणते. झूमचा फुकटचा कॉल ४० मिनिटांत तुटतो, आईला वाटतं पोरीला घाई असते.

दादाचा कॉल रविवारी रात्री साडेआठला, म्हणजे त्यांचे सकाळचे अकरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली आणि आई साडेआठपासून कलफाची साडी नेसून टॅबसमोर बसलेली, साडेनऊला कॉल आला तोवर तिचं जेवण राहिलं, रागही आला होता. टॅबवर दोन घड्याळांचं विजेट लावून दिलं ते तिला आवडलं नाही. मग भिंतीवरच दुसरं घड्याळ टांगलं, एडिसनच्या वेळेचं. आपलं आणि त्यांचं अर्ध्या तासाचंही अंतर असल्यामुळे मिनिटकाटा कायम उलट्या बाजूला असतो, येणारा प्रत्येक जण "काकू तुमचं घड्याळ बिघडलंय" सांगतो आणि आई प्रत्येकाला न कंटाळता न्यू जर्सी समजावते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे करायचं हेही कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

गणपतीत एक गंमत झाली. आरतीला दादाला कॉलवर घेतलं, इकडे झांजा, टाळ्या, अख्खा मजला गॅलरीत, आणि दादा म्हणतो आवाज येत नाहीये, फक्त आईच्या खोकल्याचा येतोय. कॉलमध्ये माणसाचा आवाज ठेवून बाकीचा गोंगाट दाबायची व्यवस्था असते, झांजा त्यात गोंगाट ठरल्या. झूमला ओरिजिनल साउंड म्हणून ऑप्शन असतो तो लावला की वाद्यं ऐकू येतात, दुसऱ्या दिवशी तसं केलं. पण आपण टाळी वाजवली की ती तिकडे जरा उशिराने पोचते, त्यामुळे दोन्हीकडून एकत्र आरती म्हणायचा प्रयत्न करू नका, आम्ही केला, "जय देव जय देव" चं नुसतं भेंडोळं झालं.

चाळीत आणखी एक होतं, कॉल खाजगी राहत नाही. दार उघडं, स्क्रीन मोठी, आईला ऐकू यावं म्हणून आवाज फुल, जाणारी-येणारी बाई थांबून "काय रे, कधी येतोस" विचारते. भाचा ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाला ही बातमी मला पहिल्या मजल्यावरच्या काकांकडून कळली. वहिनीला हे अजिबात आवडत नाही. आईला मनापासून आवडतं.

पण टॅब सगळ्यात जास्त वापरला जातो तो दादासाठी नाही आणि धाकटीसाठीही नाही. मावशीसाठी. मावशी रत्नागिरीला, ७३ वर्षांची, गुडघ्यांमुळे दोघींचं एकमेकींकडे जाणं सहा वर्षं बंद. दुपारी चार वाजले की आई स्वतः हिरवं दाबते आणि मावशीचं स्वयंपाकघर समोर येतं. मी एकदा तिथेच आडवी पडले होते तेव्हा बघितलं, जवळजवळ पाऊण तास दोघी काही बोलल्याच नाहीत. आई गवार मोडत होती, मावशी तिकडे कोथिंबीर निवडत होती, मधेच मावशी "जून आहे का गं" म्हणाली, आई "आहे थोडी" म्हणाली, परत शांत. मी खुणेने विचारलं कॉल बंद करू का, तर आईने भुवई वर करून माझ्याकडे असं बघितलं की मी परत आडवी झाले.

एकूण चार स्टार. ज्यांच्या घरातले ज्येष्ठ फोन नीट वापरतात त्यांनी उगाच खर्च करू नका, फोनलाच चांगला स्टँड घ्या. तसाच एक आणायला मी शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे, कारण मावशी तिचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि तो दर दहा मिनिटांनी घसरतो, मग आईला रत्नागिरीच्या घराचं छत दिसतं आणि ती ओरडते, "अगं पडलीस तू परत."