जेलीफिशचा ‘रेडी सेट’: फसवणूक कुठे होते ते ओळखा

टेबलावर मावणारी गोल टाकी, रंग बदलणारा एलईडी, छोटा एअर पंप, पावडर खाद्याची डबी आणि पिशवीतून आलेल्या दोन-तीन मून जेली, म्हणजे घरी पाळायला विकली जाणारी एक जेलीफिश. ‘पाणी भरा, मीठ टाका, जेली सोडा, देखभाल शून्य’ असं सांगून हा सेट गळ्यात मारला जातो. काही दिवसांत जेली आक्रसतात, छत्रीसारखं अंग उलटं होतं आणि त्या विरघळून जातात. तक्रार केली की उत्तर तयार असतं: जिवंत पोहोचवण्याची हमी २४ तासांची होती, ती संपली.

सगळी मेख या २४ तासांत आहे. नव्या टाकीत, जेलीच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू नसतात; ते जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पाणी ताजं असल्यामुळे जेली छान धडधडतात. अमोनिया चढतो तो नंतर, हमी संपल्यावर. म्हणून टाकी आधी चालवून टेस्ट किटवर (पाणी तपासायच्या संचावर) अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय जेली मागवूच नका. खऱ्या जाणकार विक्रेत्याने हे स्वतःहून सांगायला हवं.

सेटमधला एअर पंप तर घातकच. हवेचा बुडबुडा छत्रीखाली अडकतो आणि हळूहळू वर सरकत आरपार भोक पाडतो. हे भोक दाखवलं की ‘रोग झालाय’ म्हणून औषध विकलं जातं. त्यात तांबं असेल तर उरलेल्या जेलीही गेल्याच, कारण तांबं अपृष्ठवंशी प्राण्यांना विषारी असतं. जेलीला हवा असतो बुडबुडे नसलेला, मंद, गोल फिरणारा प्रवाह आणि कोपरे नसलेली टाकी. पाणी ओढून घेण्याच्या जागी जाळी हवी, नाहीतर जेली तिथे चिकटून फाटते.

चिलरचं, म्हणजे टाकीतलं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचं, नाव जाहिरातीत सापडणार नाही. मून जेलीला पाणी २४ अंशांच्या आत लागतं आणि मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात खोलीच ३० च्या पुढे जाते. अनेकदा चिलर टाकीपेक्षा महाग पडतो, म्हणूनच त्याबद्दल मौन.

मीठही नीट बघा. सागरी टाकीचंच मीठ हवं, स्वयंपाकाचं नाही. आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला ७०० ग्रॅम. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारेपणा मोजायच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ यावं.

पावडर खाद्याने मुख्यतः पाणी सडतं. खरं खाणं म्हणजे ताजी उबवलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची) पिल्लं: अंडी २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात, जोरदार हवा आणि उजेड देऊन ठेवली की साधारण २४ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून वर तरंगणारी टरफलं वेगळी करायची, पिल्लं बारीक गाळणीत धुवायची आणि दिवसातून दोनदा थोडी थोडी द्यायची. पोटाचे चार कप्पे नारिंगी दिसले की खाल्लं समजा. उपाशी जेली लहान होत जाते.

‘निळी’, ‘गुलाबी’ म्हणून जादा पैसे मागत असतील तर साध्या पांढऱ्या उजेडातला व्हिडिओ मागा. मून जेली पारदर्शकच असते, रंग दिव्याचा.

फसला असाल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, पिशवी उघडतानाचा व्हिडिओ आणि टेस्ट किटच्या नोंदी तारखेसह जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. ‘देखभाल शून्य’ हा दावा लेखी असेल, तर तक्रारीत सगळ्यात आधी तोच लिहा.