फिकट बदामी सीट्स आणि लेदर क्लीनिंग संच: आठ महिन्यांचा अनुभव

गाडी सेकंडहँड घेतली, तेव्हा तिला सहा वर्षं झाली होती. इंजिन, टायर, पत्रा सगळं नीट तपासून घेतलं आणि सीट्सवर मात्र नुसती नजर फिरवली. सावलीत उभ्या असलेल्या गाडीत ते फिकट बदामी लेदर देखणं दिसत होतं. घरी आणून चारही दारं उन्हात उघडली, तेव्हा एकेक गोष्ट वर यायला लागली. ड्रायव्हरच्या सीटवर मांड्या टेकतात तिथे निळसर पट्टा. दाराकडच्या उंचवट्यावर, म्हणजे चढता-उतरता अंग घासतं तिथे, काळपट चकाकी आणि बारीक भेगा. डोकं टेकतं तिथे तेलकट तपकिरी गोल. मागच्या सीटवर बॉलपेनची बोटभर लांब रेघ.

हे चारही डाग काढायचे म्हणून मी लेदर क्लीनिंगचा एक संच घेतला. त्यात फेस येणाऱ्या पंपाच्या बाटलीत क्लीनर, घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश, दोन मायक्रोफायबरची फडकी आणि संरक्षक क्रीमची बाटली एवढं होतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे संच बऱ्याच कंपन्या काढतात आणि आतला माल पुष्कळसा सारखाच असतो. बाटलीवर बघायच्या गोष्टी दोनच: क्लीनर पाण्यावर आधारित आहे का, आणि तो पीएच न्यूट्रल किंवा किंचित आम्लधर्मी आहे का. कमावलेलं चामडं स्वतः आम्लधर्मी असतं. कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण, खायचा सोडा हे सगळं अल्कधर्मी. एकदा वापरल्यानं काही दिसत नाही, पण वारंवार वापरलं की रंगाचा थर आणि खालचं चामडं दोन्हीला त्रास होतो.

संच हातात येण्याआधी मी एक चूक केली, ती आधी सांगते. कारण अगदी हाच सल्ला मला तीन जणांनी दिला होता. भिंतीवरचे डाग काढायला जो पांढरा मऊ स्पंज मिळतो, नुसत्या पाण्यात भिजवून घासायचा, तो मी निळ्या पट्ट्यावर फिरवला. दहा मिनिटांत निळा रंग गेला आणि मला फार आनंद झाला. हाताला स्पंज मऊ लागतो, पण तो मेलामाइनच्या फेसाचा असतो आणि त्याची सूक्ष्म जाळी कडक असते. घासलं की ती अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखं काम करते. डागाबरोबर सीटवरचा पारदर्शक थरही तिनं खरवडला. तळहाताएवढा भाग तिरप्या उजेडात वेगळा दिसायला लागला आणि महिन्याभरात नेमका तिथेच नवा मळ सगळ्यात आधी धरला. उरलेला पट्टा मी तसाच ठेवला आणि संचाची वाट बघितली.

मग शिकले ते असं. आजच्या बहुतेक गाड्यांमधलं लेदर उघडं नसतं. चामड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, पारदर्शक थर. आपण रोज बसतो ते त्या थरावर. पाण्याचा एक थेंब आडबाजूला टाकून बघायचा. तो मण्यासारखा उभा राहिला तर सीट रंगथराची आहे. आत शोषला जाऊन तिथे गडद ठिपका उमटला तर लेदर उघडं, अ‍ॅनिलिन प्रकारचं आहे आणि तिथे हे सगळे प्रयोग थांबवून जाणत्या माणसाला दाखवावं. माझ्या सीटवर थेंब गोल उभा राहिला. शिवाय लेदरच्या म्हणून विकलेल्या सीट्समध्ये पाठीमागचा आणि बाजूचा भाग बऱ्याचदा रेक्झिनचा असतो. माझ्याही आहे. क्लीनर दोन्हीवर चालला.

सफाईला मला एक अख्खी सुट्टी लागली. आधी व्हॅक्यूम, विशेषतः शिलाईच्या खाचांत, कारण तिथली वाळू ब्रशखाली आली की चरे पाडते. मग संचासोबतच्या पत्रकात लिहिलं आहे, 'फेस थेट सीटवर मारा'. हे मला पटलं नाही आणि मी तसं केलं नाही. माझ्या सीट्सच्या मधल्या भागाला बारीक छिद्रं आहेत. तिथे ओता तेवढं पाणी खाली फोममध्ये मुरतं. ज्यांच्या सीटमध्ये हीटर किंवा पंखा आहे, सीटच्या बाजूला एअरबॅग आहे, त्यांनी तर अजिबात चिंब करू नये. मी फेस ब्रशवर घेतला, वीतभर भाग धरला, दाब न देता गोल गोल फिरवला आणि वर आलेला मळ वाळायच्या आत ओलसर फडक्यानं टिपला. फेस तपकिरी झाला की टिपायचा, पुन्हा नवा घ्यायचा. पत्रकात दोन फडकी पुरतील असं म्हटलंय. मला सात लागली. फडकं मळलं की तोच मळ पुढच्या भागावर पसरतो, म्हणून जास्तीची आधीच जवळ ठेवावीत.

पहिलं आश्चर्य त्या चकचकीत उंचवट्यानं दिलं. इतके दिवस मी त्या चकाकीला लेदरची झळाळी समजत होते. तो निव्वळ साचलेला मळ होता: घाम, अंगाचं तेल आणि धूळ यांचा दाबून दाबून गुळगुळीत झालेला लेप. तीनदा ब्रश फिरवल्यावर तो भाग निस्तेज, किंचित खरबरीत आणि बाकीच्या सीटपेक्षा एक छटा उजळ निघाला. नवी लेदर सीट बहुतेक अशी मॅटच असते. तेव्हापासून कुणाची चमकणारी सीट दिसली की माझा हात ब्रशसाठी शिवशिवतो.

डोक्यामागच्या तेलकट गोलाला वेळ लागला. एका बैठकीत तो निम्मा फिका झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा वर आला, कारण भेगांत मुरलेलं तेल हळूहळू पृष्ठभागावर येतं. चार आठवड्यांत तीन वेळा केल्यावर गेला. इथे क्लीनरला पूर्ण गुण.

निळा पट्टा जीन्सचा. जीन्सचा नीळ पाण्यात विरघळत नाही, तो सुताच्या बाहेरच्या बाजूला बसलेला असतो आणि घासलं की सुटतो. त्यात उष्णता, घाम आणि आपलं वजन, म्हणून फिकट सीटवर तो उतरतोच. पट्टा ताजा असेपर्यंत पृष्ठभागावर असतो, जुना झाला की पारदर्शक थरात शिरतो. माझा किती जुना हे कळायला मार्ग नव्हता. चार फेऱ्यांनंतर अंदाजे तीन चतुर्थांश गेला. उरली ती निळी झाक दुपारच्या उजेडात मला दिसते, शेजारी बसणाऱ्याला सांगितल्याशिवाय दिसत नाही. मी तिथेच हात आवरला. अजून घासलं असतं तर स्पंजनं केलेलंच ब्रशनं केलं असतं. आता दर दोन आठवड्यांनी नुसत्या ओलसर फडक्यानं तो भाग पुसते आणि नवा नीळ बसू देत नाही. डागासाठी सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच, आणि त्याला संचाची गरजही नाही.

बॉलपेनच्या रेघेपुढे क्लीनर हरला. बाटलीवर 'शाई' हा शब्द ठळक छापला आहे, म्हणून याची तक्रार मी नोंदवतेच. बॉलपेनची शाई तेलकट, दाट असते आणि तिच्यातला रंग पॉलियुरेथेनच्या थरात झिरपतो. ताजी असताना, म्हणजे काही मिनिटांत, टिपून काढली तर जाते. वर्षानुवर्षं मुरलेली रेघ पाण्यावर आधारित क्लीनरनं निघत नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर हे सगळे उपाय मला सुचवले गेले. ते शाई विरघळवतात हे खरं, पण सीटचा रंगही विरघळवतात. अ‍ॅसिटोन तर रंग सरळ उचलून आणतं. मी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पाहिलं. बोळ्यावर बदामी रंग आला. रेघेच्या वाटेला गेले नाही. (हाताला सॅनिटायझर लावून लगेच स्टिअरिंग धरायची सवयही मी त्या दिवसापासून सोडली. स्टिअरिंगवरचं लेदर तशाच थराचं असतं.)

आता क्रीम. यावर मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण संचातला सगळ्यात मोठा दावा याच बाटलीवर आहे: 'लेदरचं आतून पोषण करतं, भेगा भरून काढतं.' ज्या थरावर पाण्याचा थेंब उभा राहतो, त्याच्या आत क्रीम कुठून जाणार? भेगेच्या उघड्या कडेला थोडं मऊपण आलं असेल तर असेल, पण भेग भरली नाही, एकही नाही. रंग तडकला की तो रंगानंच भरावा लागतो. मात्र क्रीम निरुपयोगी आहे असंही नाही. वाटाण्याएवढं घेऊन पातळ पसरून, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसलं, तर पृष्ठभागावर एक सरकता पापुद्रा राहतो. त्यामुळे नीळ आणि मळ सहज पुसले जातात. कपडे घासताना सीटचा कुरकुर आवाज यायचा, तोही थांबला. पहिल्यांदा मी भरपूर लावलं होतं. सीट दोन दिवस चिकट राहिली आणि तिच्यावर धूळ बसली. तेलकट कंडिशनर किंवा डॅशबोर्डवर मारायचं सिलिकॉनचं पॉलिश तर लेदरवर नकोच. चकाकी येते, धूळ धरते आणि पुढे रंग द्यायची वेळ आली तर तो नीट धरत नाही.

ती वेळ माझ्यावर आलीच, उंचवट्यावरच्या भेगांसाठी. यासाठी वेगळा पाण्याचा लेदर-रंग आणि मॅट पारदर्शक थराची बाटली घेतली. ती या संचात येत नाही. आधी क्लीनरनं दोनदा सफाई, मग तेलकटपणा काढायला स्पिरिटचा हलका हात. इथे स्पिरिट चालतं, कारण वरचा थर थोडा मोकळा करायचाच असतो. मग भेगांच्या उचललेल्या कडा बारीक पॉलिश पेपरनं बसवल्या. रंग स्पंजच्या तुकड्यानं टिपून लावला, पाच पातळ हात, प्रत्येक हातानंतर हेअर ड्रायर लांब धरून वाळवणं. छटा जुळवण्यात माझी एक संध्याकाळ गेली. ओला रंग फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो, म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका सीटखालच्या कडेवर वाळवून बघितला. सगळ्यात शेवटी मॅट थराचे दोन हात. दोन दिवस त्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. स्पंजनं बिघडवलेला तळहाताएवढा भागही त्याच वेळी झाकला गेला.

आठ महिन्यांनंतरची स्थिती अशी. क्लीनरची बाटली अर्धी शिल्लक आहे, संपली की हीच घेईन. ब्रश अजून एकही केस न गळता टिकला आहे. पंप मात्र तिसऱ्या महिन्यात अडकला, कोमट पाण्यात धुतल्यावर सुरू झाला. क्रीम संपत आलंय. पुढच्या वेळी फक्त सीट्ससाठी बनवलेलं, तेल नसलेलं संरक्षक द्रव्य घेईन. फिकट सीट, रोजची जीन्स आणि दोन-तीन वर्षांच्या आतली गाडी असेल, तर हा संच आजच घ्यावा. डाग थरात शिरायच्या आत त्याचं काम सगळ्यात चांगलं होतं. गडद काळी सीट असेल तर क्लीनर आणि ब्रश सुटे घेतले तरी पुरे. आणि फक्त पेनाची रेघ काढायची म्हणून घेत असाल, तर घेऊ नका.

मी रंगवलेल्या उंचवट्याच्या टोकाला, सीटबेल्टचं बक्कल आपटतं तिथे, गेल्या आठवड्यात नखाएवढा टवका उडाला. बाकी रंग घट्ट आहे. उरलेला रंग बाटलीत झाकण लावून ठेवलाय. रविवारी तेवढ्या भागावर दोन हात देईन आणि बक्कल आपटू नये म्हणून पट्टा गुंडाळला की ते हातानं जागेवर सोडायची सवय घरातल्या सगळ्यांना लावते आहे.